मध्येच उठावं लागलं तर

मित्रांच्या घरी पोकरची छोटी टूर्नामेंट ठरते, तेव्हा यजमानानं बारीकसारीक गोष्टींचा विचार आधीच केलेला असतो. प्रत्येकाला किती चिप्स द्यायच्या, ब्लाइंड, म्हणजे प्रत्येक डावाआधी दोघांनी आळीपाळीनं लावायच्या सक्तीच्या चिप्स, किती मिनिटांनी वाढवायचे, पहिल्या तिघांना काय बक्षीस, लवकर बाद झालेल्याला पुन्हा प्रवेश द्यायचा का, हे सगळं ठरलेलं असतं. एक प्रश्न मात्र बहुतेक घरांत कोणी काढत नाही: कोणाला मध्येच उठून जावं लागलं तर? मग रात्री दहाच्या सुमारास कोणाचा तरी फोन वाजतो. जो निर्णय संध्याकाळी शांत डोक्यानं घ्यायला हवा होता तो उभ्या उभ्या, घाईघाईत घेतला जातो. जाणारा ओशाळलेला असतो, राहणारे हिरमुसलेले असतात. त्यांतला एखादा आपल्याला फायदा झाला म्हणून गप्प असतो, आणि ज्याचं नुकसान झालं तो भांडण नको म्हणून गप्प असतो.

आजचं चिंतन या प्रश्नाविषयी आहे. तो मला क्षुल्लक वाटत नाही. खेळात कोण जिंकतं हे पत्त्यांवर आणि कौशल्यावर अवलंबून असतं. खेळातून उठणाऱ्याशी आपण कसं वागतो आणि उठताना तो आपल्याशी कसा वागतो, हे मात्र सर्वस्वी माणसांवर अवलंबून असतं.

आधी अडचण नीट समजून घेऊ. पोकर दोन तऱ्हांनी खेळतात. एका प्रकारात चिप म्हणजे पैसाच; शंभराची चिप शंभरालाच परत घेतली जाते. तिथं उठणं सोपं असतं. आपल्या चिप्स मोजायच्या, हिशेब करायचा, निरोप घ्यायचा. टूर्नामेंटमध्ये तसं नसतं. सगळे सारखी प्रवेश फी भरतात, सगळ्यांना सारख्या चिप्स मिळतात, आणि त्या चिप्सना टेबलाबाहेर काहीही किंमत नसते. ज्याच्या चिप्स संपल्या तो बाद, आणि शेवटी उरणाऱ्यांना क्रमांकाप्रमाणे बक्षीस. म्हणून उठणाऱ्याच्या पुढ्यातल्या ढिगाचं काय करायचं हा प्रश्न अवघड होतो. तो ढीग त्याचा आहे हे खरं, पण त्याला तो घरी नेता येत नाही. आणि टेबलावर राहिला, तर तो कोणाकडे जाईल यावर उरलेल्यांचं भवितव्य ठरतं.

हा खेळ आता आपल्या लोकांना परका राहिलेला नाही. २००३ साली टेनेसीतल्या ख्रिस मनीमेकर नावाच्या एका अकाउंटंटनं लास वेगासमधली वर्ल्ड सीरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा जिंकली आणि २५ लाख डॉलर मिळवले. नोकरी करणारा साधा माणूस हे करू शकतो म्हटल्यावर अमेरिकेत घरोघरी पोकरची टेबलं मांडली गेली. न्यू जर्सीत, कॅलिफोर्नियाच्या बे एरियात शनिवारी रात्री जमणारी मराठी मंडळीही त्यात आली. पुण्या-मुंबईत दिवाळीच्या रात्री तीन पत्तीच्या शेजारी पोकर येऊन बसला. पैसे लावण्याबाबत आपल्याकडचे कायदे कडक आहेत; २०२५ साली संसदेनं पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदाही केला. आपल्याकडच्या घरात बक्षीस म्हणून एखादं पुस्तक किंवा पुढच्या जेवणाचं आमंत्रण ठेवलं तरी खेळाची गोडी कमी होत नाही, आणि मी मांडतो आहे तो प्रश्नही बदलत नाही.

मध्येच उठणारी माणसं कोण असतात? ज्यांचं तान्हं बाळ रडत जागं झालं आहे. ज्यांची पहाटेची ड्यूटी आहे. न्यू जर्सीत उन्हाळ्यातल्या रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात तेव्हा भारतात सकाळचे आठ वाजलेले असतात. डॉक्टर येऊन गेल्यानंतर घरच्यांनी फोन लावण्याची ती वेळ असते. वडिलांना दवाखान्यात नेलंय एवढं कानावर पडल्यावर हातात दोन एक्के असले तरी ते दिसत नाहीत. अशा माणसाला आपण नियम सांगत बसणार का? त्याला निर्धास्तपणे जाऊ देणं हे मैत्रीचं पहिलं कर्तव्य आहे. पण दुसरंही एक कर्तव्य उरतं, आणि ते टेबलाभोवती बसलेल्या बाकीच्यांविषयी आहे. त्यांनीही वेळ दिला आहे, मन लावून खेळले आहेत. एकाच्या जाण्यानं त्यांच्यापैकी कोणाला घबाड मिळू नये आणि कोणावर अन्यायही होऊ नये. ही दोन्ही कर्तव्यं एकदम पार पाडायची, हीच यातली कसोटी.

घरोघरी यावर जे तोडगे काढले जातात ते सगळे चांगल्या मनानं काढलेले असतात, पण त्यांचे परिणाम सारखे नसतात. सगळ्यात सहज सुचणारा तोडगा म्हणजे प्रवेश फी परत करणं. तो दयाळू वाटतो, पण मग बाकीच्यांनी घेतलेली जोखीम त्या एकानं घेतलीच नाही असं होतं. हरत आलेल्या माणसाला फी परत मिळाली तर तो फायद्यात राहतो आणि जिंकत आलेला तोट्यात जातो. दुसरा तोडगा म्हणजे उठणाऱ्यानं आपल्या चिप्स जवळच्या मित्राला देऊन टाकणं. यामागे प्रेम असतं, पण बाकीच्या सगळ्यांच्या दृष्टीनं ही उघड फसवणूक आहे. मोठ्या स्पर्धांमध्ये एकानं दुसऱ्याला मुद्दाम चिप्स पोचवल्या तर दोघांवर कारवाई होते. चिप्स डावात जिंकायच्या असतात, त्या दान करायच्या नसतात.

तिसरा तोडगा सगळ्यात लोकप्रिय आहे आणि मला तोच सगळ्यात जास्त खटकतो. जायची घाई असलेला भिडू म्हणतो, ‘थांबा, मी जाता जाता ऑल-इन करतो.’ पत्ते न बघताच तो सगळ्या चिप्स मध्ये सरकवतो. टेबलावर हशा पिकतो. त्या डावात ज्याला बरे पत्ते आले त्याचा ढीग एका क्षणात दुप्पट होतो. त्यानं ते कशाच्या बळावर मिळवलं? ना चिकाटी, ना हिशेब, ना समोरच्याला ओळखणं. बरोबर वेळी त्याच्या हातात बऱ्यापैकी पत्ते होते एवढंच. तासभर जपून खेळलेला एखादा भिडू आता दुप्पट ढिगासमोर बसतो, आणि त्याला तक्रारही करता येत नाही, कारण नियम कुठेच मोडलेला नाही. गंमत म्हणजे हा ऑल-इन जिंकला तर आणखी पंचाईत: जायची घाई तेवढीच, आणि ढीग दुप्पट.

यातलं मूळ दुखणं आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये स्वतःची बॅटिंग झाली की ‘आईनं बोलावलंय’ म्हणून घरी पळणारा एक मुलगा असायचाच. आई खरंच हाक मारत असेल, त्याबद्दल कोणाचं म्हणणं नव्हतं. सल हा असायचा की त्यानं खेळातून आपल्या वाट्याचं घेतलं आणि उन्हात फिल्डिंग करायचं दुसऱ्यांवर टाकलं. उठून जाण्यात दोष नसतो. उठताना खेळाचं ओझं आणि खेळाचा लाभ कोणाच्या अंगावर पडेल हे आपल्या लहरीनं ठरवण्यात दोष असतो. टूर्नामेंटमध्ये बसलेल्या माणसाच्या चिप्स त्याच्या असतात त्या खेळण्यासाठी, वाटण्यासाठी नव्हे. तो उठला की त्याचा खेळण्याचा हक्क संपतो, आणि त्या चिप्स कोणाकडे जाव्यात हे ठरवण्याचा हक्क तर त्याच्याकडे कधीच नव्हता.

अर्धवट राहिलेल्या खेळाचं काय करायचं, हा माणसाच्या बुद्धीला फार जुन्या काळापासून छळणारा प्रश्न आहे. लुका पाचोली या इटालियन गणितज्ञानं १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या आपल्या मोठ्या ग्रंथात तो मांडला. ठरलेले गुण आधी मिळवील त्याला पणाची सगळी रक्कम, असा खेळ आहे, आणि तो मध्येच थांबला; तर रक्कम कशी वाटायची? पाचोलीचं उत्तर होतं, आतापर्यंत मिळवलेल्या गुणांच्या प्रमाणात. ऐकायला न्याय्य वाटतं. पण १५५६ साली तार्ताल्या या दुसऱ्या गणितज्ञानं त्यातली खोट दाखवली. एकाचा एकच गुण झाला आहे, दुसऱ्याचा शून्य, आणि खेळ थांबला, तर पाचोलीच्या हिशेबानं पहिल्याला सगळी रक्कम मिळते. जिंकायला कितीतरी गुण बाकी असताना हा कसला न्याय? शेवटी तार्ताल्या अशा मतावर आला, की या प्रश्नाचा निवाडा गणितापेक्षा न्यायासनाचा आहे, आणि कसाही सोडवला तरी कोणीतरी भांडणारच.

त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, १६५४ साली, पॅरिसमधला ब्लेझ पास्काल आणि तुलूझमधला प्येर द फर्मा या गणितज्ञांनी एकमेकांना लिहिलेल्या पत्रांतून याचा उलगडा केला. फर्मा उदरनिर्वाहासाठी तुलूझच्या न्यायालयात काम करत होता. न्यायासनाकडे सोपवलेला प्रश्न न्यायालयातल्या माणसानं गणितानं सोडवावा, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. पास्कालचं उदाहरण साधं आहे. दोघांनी ३२-३२ पिस्तोल, म्हणजे सोन्याची नाणी, लावली, एकूण ६४. जो आधी तीन डाव जिंकेल त्याला सगळी. एकाचे दोन डाव झाले, दुसऱ्याचा एक, आणि उठायची वेळ आली. पास्काल म्हणतो, पुढचा एक डाव खेळल्याची कल्पना करा. पहिला जिंकला तर ६४ त्याची. हरला तर दोघे दोन-दोनवर येतात आणि ३२-३२ वाटून घेतात. म्हणजे ३२ तर काहीही झालं तरी पहिल्याचीच. उरलेल्या ३२ वर दोघांचा सारखा हक्क, म्हणून १६-१६. पहिल्याला ४८, दुसऱ्याला १६.

संभाव्यतेच्या शास्त्राची सुरुवात या पत्रव्यवहारातून झाली असं मानतात. आज विमा, हवामानाचा अंदाज, औषधांच्या चाचण्या त्याच शास्त्रावर उभ्या आहेत. मला त्यातली एक गोष्ट गणिताइतकीच मोलाची वाटते. पाचोली मागे बघत होता. किती झालं ते मोजत होता. पास्काल आणि फर्मा पुढे बघतात. काय होऊ शकलं असतं ते मोजतात. उठून गेलेल्या माणसाचा वाटा ठरवताना त्यानं काय केलं याइतकंच, तो बसला असता तर त्याला काय साधलं असतं, हेही जमेला धरायला हवं. अर्धवट सुटलेल्या प्रयत्नाकडे बघण्याची यापेक्षा सहृदय रीत मला माहीत नाही.

हीच दृष्टी पोकरच्या टेबलावर अगदी नेमकी लागू पडते. शेवटचे तीन भिडू उरले आहेत आणि तिघांनाही घरी जायचं आहे असं समजा. बक्षिसाचे एकूण १०० भाग आहेत. पहिल्याला ५०, दुसऱ्याला ३०, तिसऱ्याला २०. चिप्स अनुक्रमे ५०००, ३००० आणि २०००. चिप्सच्या प्रमाणात वाटणी केली तर ५०, ३० आणि २० असे भाग येतात. हा सरळ हिशेब पाचोलीच्याच चुकीचा आहे. पहिल्यानं अजून जिंकलेलं नाही, तरी त्याला पूर्ण पहिलं बक्षीस मिळालं. तिसरा अजून हरलेला नाही, तरी त्याच्या पदरी शेवटचं बक्षीस आलं. पोकरमध्ये यासाठी स्वतंत्र चिप पद्धत नावाचा हिशेब वापरतात. मेसन मालमुथ यांनी तो १९८७ साली आपल्या पुस्तकात मांडला. चिप्सच्या प्रमाणात प्रत्येकाला पहिला येण्याची संधी आहे असं धरायचं, मग उरलेल्यांत दुसरं कोण येईल ते त्याच रीतीनं काढायचं. या रीतीनं तिघांचे वाटे साधारण ३८.४, ३२.७ आणि २८.९ येतात. ज्याच्याकडे दोनच हजार आहेत त्याच्याही उरलेल्या आशेला किंमत मिळते, आणि ज्याच्याकडे पाच हजार आहेत त्याच्या अजून न आलेल्या विजयाची किंमत आधीच चुकती होत नाही. मोबाइलवर हा हिशेब मिनिटभरात होतो. शेवटच्या दोघा-तिघांना थांबायचं असेल आणि सगळे राजी असतील, तर यापेक्षा न्याय्य वाट नाही.

पण नऊजण बसलेले आहेत, अजून दोन तास जायचे आहेत, आणि त्यांतला एकच उठला, तर? इथं मोठ्या स्पर्धांची रीत शिकण्यासारखी आहे. उठलेल्याची खुर्ची आणि चिप्स तशाच राहतात. त्याला पत्ते वाटले जातात, तो हजर नसल्यामुळे ते बाद होतात, आणि त्याच्या वाटणीचे ब्लाइंड त्याच्या ढिगातून जात राहतात. ढीग हळूहळू झिजतो, आणि तो एका कोणाच्या हाती न लागता सगळ्या टेबलावर पसरतो.

या रीतीचं टोकाचं उदाहरण १९९० सालचं आहे. स्टू उंगर हा विलक्षण प्रतिभेचा खेळाडू त्याआधी १९८० आणि १९८१ साली वर्ल्ड सीरीजची मुख्य स्पर्धा जिंकलेला होता. १९९० मध्ये त्याच स्पर्धेत तो लास वेगासच्या बिनियन्स हॉर्सशू कॅसिनोत जोरात खेळत होता, आणि तिसऱ्या दिवशी हॉटेलच्या खोलीत अमली पदार्थांच्या अतिसेवनानं बेशुद्ध सापडला. त्याची खुर्ची रिकामी राहिली. पण त्याच्या चिप्स इतक्या होत्या, की फक्त ब्लाइंड जात राहूनही त्याचा नववा क्रमांक आला आणि २०,५०० डॉलरचं बक्षीस त्याला मिळालं. त्या माणसाच्या आयुष्याची शोकांतिका वेगळी. १९९८ साली तो गेला. पण त्या टेबलानं त्याच्या अनुपस्थितीत त्याच्याशी जो व्यवहार केला तो निर्मळ होता. कोणी त्याच्या चिप्स वाटून घेतल्या नाहीत, कोणी त्याला घाईनं बाद ठरवलं नाही. त्यानं मिळवलं होतं तेवढं त्याच्या कामी आलं.

नियम आधी ठरलेला असला की निर्णय किती सोपा होतो हे २०२० च्या डिसेंबरमध्येही दिसलं. लास वेगासमध्ये वर्ल्ड सीरीजच्या मुख्य स्पर्धेच्या शेवटच्या टेबलावर पोचलेल्या उपेश्का डी सिल्वा या खेळाडूची खेळ सुरू होण्याआधीची करोना चाचणी पॉझिटिव्ह आली. त्याला खेळता आलं नाही. ठरल्याप्रमाणे नवव्या क्रमांकाचं बक्षीस त्याला देण्यात आलं. त्याला किती दुःख झालं असेल ते आपण समजू शकतो. पण त्या क्षणी कोणाला वाद घालावा लागला नाही, कारण काय करायचं ते आधीच ठरलं होतं.

आता हे आपल्या बैठकीत कसं आणायचं? माझं मत असं, की मोठ्या स्पर्धेची रीतच घरीही पाळावी, थोड्या समजूतदारपणानं. नऊ भिडू, प्रत्येकी ३००० चिप्स, ब्लाइंड २५-५० पासून सुरू होऊन दर वीस मिनिटांनी वाढणारे, आणि घरच्या गतीनं तासाला सुमारे तीस डाव, असं धरू. कोणी सुरुवातीलाच उठला तर त्याच्या ढिगातून पहिल्या तासात सुमारे सहाशे चिप्स जातील, पुढे ब्लाइंड वाढतील तशी गती वाढेल, आणि दोन तासांच्या आसपास ढीग संपेल. तोवर तीन-चारजण आपोआप बाद झालेले असतील. म्हणजे गेलेल्याला एखादा मधला क्रमांकही मिळतो, आणि कोणाला फुकटचं घबाडही मिळत नाही. एक छोटी काळजी घ्यावी. रिकाम्या खुर्चीवर बिग ब्लाइंड, म्हणजे दोन ब्लाइंडांतला मोठा, येतो तेव्हा तिच्या उजव्या हाताला बसलेल्याला तो सहज उचलता येतो; म्हणून कोणी उठला की एकेक पत्ता काढून सगळ्यांनी जागा पुन्हा ठरवाव्यात. त्या संधीवर मग कोणाचा कायमचा मक्ता राहत नाही.

काही घरांत उठणाऱ्याच्या चिप्स सरळ खेळातून काढून घेतात. बक्षीस दूर असताना यानं फारसं बिघडत नाही, कारण उरलेल्या सगळ्यांचा वाटा सारख्याच प्रमाणात वाढतो. पण तीन बक्षिसं आणि चार भिडू उरले असतील, तर तेच वागणं अन्यायाचं होतं. चिप्स काढल्या त्या क्षणी बाकीचे तिघे बक्षिसात येतात, आणि ज्याच्याकडे दोन-चारच चिप्स उरल्या होत्या त्याला एकही डाव न खेळता मोठा लाभ होतो. अशा वेळी ढीग टेबलावरच राहू द्यावा. उठून गेलेल्या माणसाला तिथून तिसरं बक्षीस मिळालं तरी कोणी वाईट वाटून घेऊ नये. ते त्यानं बसून खेळलेल्या वेळातच कमावलेलं असतं.

याहून बरी गोष्ट म्हणजे उठण्याची वेळच कमी यावी अशी खेळाची आखणी करणं. घरगुती खेळाचा अनुभव असलेले लोक एक ठोकताळा सांगतात: बिग ब्लाइंड एकूण चिप्सच्या विसाव्या भागाजवळ आला की खेळ आटोपत येतो. नऊ भिडूंच्या मिळून २७,००० चिप्स. त्यांचा विसावा भाग १३५०. बिग ब्लाइंड ५०, १००, २००, ३००, ४००, ६००, ८००, १२०० असा वाढत गेला तर आठव्या टप्प्यात, म्हणजे दोन तास चाळीस मिनिटांच्या आसपास, निकाल लागतो. आठला सुरू केलं तर पावणेअकरा. कोणाला दहाला निघायचं असेल तर टप्पे पंधरा मिनिटांचे करा, दोन तासांत काम होतं. यजमानानं एवढं केलं तर पुष्कळांची कुचंबणा टळते. ज्याला लवकर जायचं हे माहीत आहे त्यानंही ते सुरुवातीलाच सांगावं. ‘मला दहाला निघायचंय, तोवर खेळू का?’ एवढा एक प्रश्न सगळ्यांना निर्णय घ्यायला वेळ देतो.

आणि ज्याला अचानक जावं लागतं त्याला कारण विचारू नये. इथं मला महाभारतातलं द्यूत आठवतं. त्या खेळाबद्दल आपण शकुनीच्या फाशांवर खूप बोललो आहोत. मला त्यातली दुसरी गोष्ट छळते: त्या सभेत उठण्याची सन्मानाची वाट नव्हती. आव्हान आलं तर माघार घ्यायची नाही, हे युधिष्ठिराचं व्रत होतं. थांबा म्हणणारा विदुर होता, पण त्याचं कोणी ऐकलं नाही. सगळं परत मिळून पांडव निघाले, तेव्हा त्यांना वाटेतून पुन्हा खेळायला बोलावलं गेलं, आणि युधिष्ठिर परतला. मोठमोठी माणसं बसलेली असताना त्याला जाऊ द्या हे कोणाचंच म्हणणं चाललं नाही. आपल्या दिवाणखान्यातला खेळ कितीही लहान असो, ‘अरे, एकच डाव बस ना’ हा आग्रह त्याच कुळातला आहे. आग्रह जेवणाच्या पंगतीत शोभतो. घरी जायला निघालेल्या माणसाला खुर्चीत परत बसवणारा आग्रह प्रेमातून आलेला असला तरी त्याचं ओझं होतं. ज्या खेळातून मान राखून उठता येतं त्याच खेळात माणूस मोकळ्या मनानं बसू शकतो.

म्हणून नियम हवा, आणि तो पहिला पत्ता वाटण्याआधी हवा. त्या वेळी कोणाला जावं लागणार हे कोणालाच माहीत नसतं. कोणाचा ढीग मोठा असेल, कोणाचा लहान, हेही माहीत नसतं. आपण उठणारे असू की उरणारे, हे ठाऊक नसताना केलेला नियम दोघांनाही सांभाळून घेतो. रात्री दहा वाजता, ढीग समोर दिसत असताना, सगळ्यात भला माणूसही नकळत आपल्या बाजूला झुकतो. हे पत्त्यांपुरतं नाही. भागीदारीतला धंदा असो, भावंडांनी मिळून घेतलेलं घर असो, एखाद्या मंडळाचं काम असो. आपण एकत्र येण्याच्या अटी मोठ्या उत्साहानं ठरवतो आणि दूर होण्याच्या अटी बोलणं अशुभ मानतो. पुढे कडवटपणा येतो तो बहुधा दूर होण्यानं नाही, तर त्याबद्दल आधी न बोलल्यानं. सुरुवातीलाच निरोपाची रीत ठरवणं हे अविश्वासाचं लक्षण नाही. तुला जावं लागलं तरी मी तुझ्याशी न्यायानं वागेन, असं ते वचन आहे.

पुढच्या बैठकीत पत्ते पिसण्याआधी यजमानानं एवढंच म्हणावं: ‘कोणाला मध्येच जावं लागलं तर खुशाल जा. कारण सांगायला नको, ऑल-इन करायला नको, चिप्स कोणाला द्यायला नकोत. तुमची खुर्ची तुमचीच राहील, ब्लाइंड जात राहतील, आणि जो क्रमांक येईल तो तुमचा.’ हे बोलायला अर्धं मिनिटही लागत नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, जो उठून गेला त्याला फोन करावा. आधी वडिलांची तब्येत विचारावी, मग त्याचा क्रमांक सांगावा, आणि त्याचं काही बक्षीस निघत असेल तर ते त्याच आठवड्यात त्याच्या घरी नेऊन द्यावं.